बसा ना, मामा

नासेरभाईंच्या कापड दुकानात अनिरुद्धचं खरं काम एकच होतं, आलेल्या माणसाला बसवायचं. वसमतच्या बाजारात कापडाची दुकानं ढिगानं आहेत आणि साड्या सगळीकडे त्याच. फरक पडतो तो गिऱ्हाईक गादीवर टेकतं की "पुढं पाहून येतो" म्हणत उंबऱ्यावरूनच सटकतं, एवढ्याचाच. बसलं की ते आपलं, असं नासेरभाई म्हणायचे, आणि बसवण्यात अनिरुद्धचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता.

त्यात मागच्या वर्षी एका साडीवाल्या कंपनीनं नांदेडला शिबिर ठेवलं. माणसाची देहबोली कशी वाचावी, पहिल्या भेटीत छाप कशी पाडावी, असलं काहीबाही. अनिरुद्ध तिथून परतला तो अर्धा ज्योतिषी होऊनच. आधी पाय बघायचे, मग हात, मग डोळे. पाय दाराकडे वळलेले दिसले तर माणूस निघायच्या बेतात आहे, त्याला बोलण्यात गुंतवा. हात मांडीवर घट्ट असतील तर लाजतोय, त्याला हसवा. आणि आपण स्वतः, उंबऱ्यावर पाऊल दिसताक्षणी, दात दिसतील इतपत हसायचं. ते हसू त्यानं आरशासमोर घोटून घोटून तोंडावर बसवलं होतं. त्याची बायको केतकी म्हणायची, "अहो, झोपेतसुद्धा हसता तुम्ही. भीती वाटते." त्याला ती तारीफच वाटायची.

फाल्गुन लागला होता. उन्हं तापू लागली होती, शिवारात हळद शिजत होती आणि लग्नांची घाई उडाली होती. त्या दिवशी दुकानात एक बस्ता चालला होता. बस्ता म्हणजे लग्नाची झाडून सगळी कापडखरेदी एका बैठकीत. पंधरा-वीस माणसं गादीवर ऐसपैस, मधोमध नवरी, तिच्या मांडीवर शालू, आणि साड्यांचा हा ढीग. अशा वेळी अनिरुद्धच्या अंगात यायचं. त्यानं फोन मांडणीवर टेकवून चालू ठेवला होता. संध्याकाळी दुकानाचा व्हिडिओ टाकायचा त्याचा नेम होता.

तेवढ्यात मुंजाजी आला.

मुंजाजी कुरुंद्याचा, हळदीचा शेतकरी. त्याची धाकटी बहीण अनुसूया त्याच पहाटे गेली होती. कावीळ अंगावर काढली आणि ती डोक्यात गेली. तिचं सासर सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं घालतात, ते भावानं आणायचं असतं. पण उन्हाचे दिवस. तिच्या सासऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, "दुपार कलायच्या आत या. लई वेळ ठेवता येनार न्हाई." आई-बाप जीपनं पुढं गेले. जीपमध्ये चढताना आई एवढंच म्हणाली, "तिचा बस्ता जिथं बांधला व्हता, तिथलंच घे. हिरवं घे." म्हणून मुंजाजी मोटारसायकल काढून वसमतला थांबला होता. आत जायचं, लुगडं उचलायचं, निघायचं.

उंबऱ्यावर त्यानं नवरी पाहिली आणि तो जागीच थांबला. ऐन बस्त्यात मयताचं नाव काढायचं नसतं. कोणाच्या तरी पोरीचा शुभशकुन आपल्या तोंडानं का नासवायचा? शिवाय नवरी बसली होती ती जागाही तीच होती. अनुसूया तिथंच बसून शालूचा पदर डोक्यावर घेऊन भावाकडे बघून हसली होती.

"हिरवी साडी पाहिजे," तो अगदी हळू म्हणाला. "बहिणीसाठी. एकच द्या, चांगली द्या."

अनिरुद्धनं त्याला वाचायला घेतला. वहाणा पार खाली, पायरीच्याही पलीकडे काढल्या, म्हणजे माणूस भिडस्त. हाताला हळदीचा पिवळा रंग, म्हणजे हंगाम चालू आहे. डोळे लाल, म्हणजे रात्रभर कढईपाशी जागलाय. गादीवर चढत नाही, काठावर टेकलाय. पाण्याचा पेला पुढं केला तर हातानंच नको म्हणतोय. सारखा रस्त्याकडे बघतोय, मान वर करत नाही. भाऊ, बहीण, हिरवी साडी, आणि एवढी लाज! अनिरुद्धला कोडं चुटकीसरशी सुटलं.

"डोहाळजेवण!" तो टाळी वाजवून म्हणाला. "कितवा महिना? सातवा?"

मुंजाजीनं वर पाहिलं. त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं, नवरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अनिरुद्धनं तो होकार धरला.

"मंडळी, आपले पाहुणे मामा होणार बरं का!"

सगळी गादी हसली. नवरीची आई तर हरखूनच गेली. बस्ता बांधताना दारात ओटीची साडी घ्यायला भाऊ यावा, याहून चांगला शकुन कोणता? तिनं पिशवीतला पेढ्यांचा पुडा सोडला आणि एक पेढा मुंजाजीच्या तळहातावर ठेवला. "घ्या भाऊ, तोंड गोड करा. माझ्या लेकीलाबी असाच भाऊ हाय." मुंजाजीनं मूठ मिटली. काहीतरी करायला हवं म्हणून त्याचे ओठ जरा ताणले गेले. ते हसू आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

अनिरुद्धनं हिरवी साडी उलगडली, स्वतःच्या खांद्यावर टाकली, पदर डोक्यावर घेतला आणि पोटावर हात ठेवून गर्भारशीसारखं चार पावलं चालून दाखवलं. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. नवरी हसून हसून लाल झाली.

"हीच द्या," मुंजाजी म्हणाला. "बांधा. जायचं हाय मला."

"फॉल लावून देतो ना!"

"फॉल नको."

"नको कसं? ओटीची साडी बिनफॉलची नेता? आमच्याकडून भेट." आणि मुंजाजी पुढं काही बोलायच्या आत साडी शेजारच्या शिलाईवाल्याकडे गेलीसुद्धा. तिथं बस्त्यातल्या साड्यांची चळत आधीच लागलेली होती.

मुंजाजी उठला. त्याचा फोन वाजत होता. "बहीणच असेल!" अनिरुद्ध म्हणाला. "सांगा, मामा येतोय, जरा दम धर म्हणावं." मुंजाजी फोन कानाला लावून पायरीपर्यंत गेला, दोनदा "व्हय, निघालोच" म्हणाला आणि शिलाईवाल्याकडे वळला. गिऱ्हाईक दारापर्यंत पोचलं म्हणजे अर्धं गेलं, हे अनिरुद्धच्या हाडात मुरलेलं. त्यानं झटकन जाऊन त्याचं मनगट धरलं आणि हसत हसत परत काठावर आणलं. "बसा ना, मामा! असे कसे जाता? सत्कार राहिला." मग टोपी आली, टॉवेल आला, नारळ आला. मुंजाजी आणखी एकदा उठला. अनिरुद्धनं पुन्हा त्याचा हात धरून बसवला. साडी आली तेव्हा दुकानाच्या सावलीनं जागा बदलली होती.

मुंजाजी गेला तो पळतच गेला. "बहिणीवर किती माया बघा," नवरीची आई म्हणाली, आणि जाताना तिनं ठरवलेल्यापेक्षा चार साड्या जास्त घेतल्या. संध्याकाळी अनिरुद्धनं व्हिडिओ कापून, खाली सनई लावून टाकला. वर लिहिलं, "आमच्या दुकानात मामांचा सत्कार". रात्रीपर्यंत तो वसमतभर फिरला. एवढा त्याचा कुठलाच व्हिडिओ चालला नव्हता.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. भर उन्हाची वेळ, दुकानात नासेरभाई आणि अनिरुद्ध दोघंच. पायरीशी मुंजाजी उभा राहिला. डोक्याचे केस काढलेले, वर टोपी. पण अनिरुद्धनं आधी पाय पाहिले, वहाणा पुन्हा लांबच काढलेल्या, आणि त्याचं हसू आपोआप पसरलं.

"या या मामा! भरली का ओटी?"

मुंजाजी वर आला नाही.

"तो व्हिडिओ काढून टाका," तो म्हणाला.

"का हो? किती मस्त आलाय!"

"माझी बहीण त्या दिवशी पहाटीच गेली व्हती. लुगडं तिच्यासाठी व्हतं. शेवटचं."

अनिरुद्धचं हसू लगेच गेलं नाही. इतकं घोटून बसवलेलं, ते जायला वेळ लागला. तोवर मुंजाजी त्याच्याकडे बघत राहिला.

"त्या लोकांनी वाट पाह्यली," तो म्हणाला. "लई पाह्यली. मंग न्हाई धरवलं त्यांना, अन् त्यांचंबी काय चुकलं? मी पोचलो तवा सरण पेटलेलं व्हतं. लांबूनच धूर दिसला मला. लुगडं तसंच आगीवर टाकलं. फॉल लावलेलं."

नासेरभाई गल्ल्यावरून उठून उभे राहिले.

"आता तिच्या सासरची मानसं म्हनून राहिली, बहीण दारात पडली व्हती अन् भाऊ दुकानात टोपी घालून पेढे खाऊन राहिला व्हता. मी न्हाई म्हनलं तर व्हिडिओच दावतेत. मायला बी दावला. माय कायी बोलत न्हाई. पर माझ्या हातचं पाणी घेत न्हाई ती."

"अहो, पण तुम्ही सांगितलं का नाही?" अनिरुद्ध म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला बोलता बोलताच कळलं.

"नवरी बसली व्हती," मुंजाजी म्हणाला. "अन् मी उठलो व्हतो. दोनदा उठलो. तुमी हात धरून बसवलं."

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. शिव्या खाऊन माणूस निदान खाली बघू शकतो. मुंजाजी नुसता जे घडलं ते सांगत होता, आणि त्यात अनिरुद्धला कुठं सरकायला जागा नव्हती.

मुंजाजी गेल्यावर त्यानं व्हिडिओ उघडला. सनईचा आवाज बंद केला. इतके दिवस त्यात तो स्वतःलाच बघत होता, पदर घेतलेला, चालणारा. आता त्यानं कोपऱ्यातला मुंजाजी पाहिला. पेढ्यावर मूठ आवळलेली, ती शेवटपर्यंत उघडलीच नाही. खाल्ला कुठं त्यानं? टोपी डोक्यावर ठेवताना डोळे घट्ट मिटलेले. पाय सगळा वेळ दाराकडे. शिबिरात सांगितलं होतं ते अक्षरन् अक्षर त्या माणसाच्या अंगावर लिहिलेलं होतं, आणि अनिरुद्धनं त्यातलं प्रत्येक अक्षर पाहूनही भलतंच वाचलं होतं. मनगट धरल्यावर मुंजाजीचा खांदा कसा खाली आला, तेही दिसत होतं. अनिरुद्धला इतकी लाज वाटली की दुकानातल्या उभ्या आरशासमोरून जाणंही त्याला नको झालं.

त्यानं व्हिडिओ काढून टाकला.

"मिटवला?" नासेरभाईंनी विचारलं.

"हो."

"तुझ्या फोनातून मिटवला, बेटा. त्या लोकांच्या फोनात तर तसाच हाय." ते अनिरुद्धपाशी आले. "त्याच्या बहिणीची तेरवी कवा हाय, पूस. अन् जाऊन सांग सगळ्यांसमोर, की यानं न्हाई, मी केलं म्हणून."

"फोनवर सांगू का, भाई? त्यांच्या बहिणीच्या सासऱ्याशी नीट बोलतो मी."

"बोलतो तर तू नीटच," नासेरभाई म्हणाले, आणि पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसले.

तेरवीच्या दिवशी तो एस.टी.नं औंढ्याला उतरला, तिथून जीपनं धरणाच्या गावाला. वाटेभर वाक्यं जुळवत होता. 'मी अनिरुद्ध, वसमतहून आलो. चूक माझी आहे.' हे आधी म्हणायचं. हात जोडायचे, मान खाली ठेवायची, आवाज हळू. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हेही शिबिरातल्यासारखंच बसवतोय, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

घरापुढं मांडव टाकलेला, सतरंज्यांवर पुरुषमंडळी बसलेली. गोठ्याच्या बाजूला, सतरंजी संपते तिथं, मुंजाजी एकटा होता. त्याच्या आजूबाजूला दोन-तीन माणसांची जागा मोकळी सोडलेली. तिकडून कोणी जाताना पाय आखडून जात होतं. आतल्या दारात त्याची आई भिंतीला टेकून बसली होती.

अनिरुद्ध मांडवाच्या तोंडाशी आला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. इतकी तोंडं एकदम आपल्याकडे वळली की काय करायचं, हे त्याच्या चेहऱ्याला पाठ होतं. त्याला काही कळायच्या आत तो हसला. दात दिसतील इतपत.

पुढची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"हसून राहिला काहून रे हा?" कोणीतरी म्हणालं.

"तोच हाय," एक तरुण म्हणाला. "लुगडं नेसून नाचनारा. व्हिडिओतला."

अनिरुद्धनं हातानं तोंड झाकलं. त्या हाताखाली हसू अजून तसंच आहे की गेलं, हेही त्याला समजेना. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते उगाच नाही म्हणत.

"हसत नाही हो मी," तो म्हणाला. "सवय आहे. दुकानाची." मग हात खाली घेतला. "तुमचे मुंजाजी लुगडं घ्यायला आले तेव्हा दुकानात बस्ता चालला होता. नवरी बसलेली, म्हणून ते बोलले नाहीत. मला वाटलं डोहाळजेवण आहे. मीच ठरवलं, मीच ओरडलो. पेढा त्यांनी खाल्ला नाही, मुठीतच होता. फॉल नको म्हणत होते, मी जबरदस्तीनं लावायला पाठवला. ते उठले होते निघायला. दोनदा उठले. मी त्यांना जाऊ दिलं नाही."

अनुसूयेचा सासरा खांबाला टेकून बसला होता. म्हातारा, अंगावर नवी बंडी. त्यानं अनिरुद्धकडे पाहिलं.

"कसं जाऊ न्हाई देलं?" त्यानं विचारलं.

"हात धरला."

"कोन्त्या हातानं?"

अनिरुद्धनं उजवा हात पुढं केला. का विचारलं ते त्याला कळलं नाही, पण त्यानं तो तसाच धरून ठेवला. सगळा मांडव त्या हाताकडे बघत होता. त्या हातानं त्यानं आजवर किती माणसं गादीवर बसवली होती, आणि एवढ्या वर्षांत तो त्याला कधी ओझं वाटला नव्हता.

म्हाताऱ्यानं मान वळवली.

"मुंजाजी, हिकडं ये," तो म्हणाला. "तिकडं काहून बसला? माझ्यापाशी बस."

मुंजाजी उठला. माणसांनी सरकून वाट दिली. तो म्हाताऱ्याजवळ पोचत होता, तेवढ्यात दारातून त्याच्या आईचा घोगरा आवाज आला, "मुंजा, पाणी दे रे जरा."

तो तसाच वळला. रांजणाशी गेला, तांब्या भरला आणि दोन्ही हातांनी धरून आईपाशी नेला. जाताना अनिरुद्धच्या अगदी जवळून गेला, पण त्याच्याकडे त्यानं पाहिलं नाही. आई पाणी प्यायली. पुरुषमंडळींपैकी कोणीतरी नाक शिंकरलं.

मग पत्रावळी आल्या. सतरंजीवरची माणसं सरकली, पंगत लागली, वाढपी फिरू लागले. भाताचं घमेलं घेऊन येणारा पोरगा अनिरुद्धला वळसा घालून पुढं गेला. कोणी त्याला जा म्हणालं नाही, कोणी रागानंही पाहिलं नाही. मांडवाच्या तोंडाशी तो हात लोंबते सोडून उभा होता आणि वाट बघत होता, की कोणीतरी "बसा" म्हणेल.

कोणी म्हणालं नाही.